प्रतिकार आढळला आहे

६ मार्च

धाकटे,

अक्षर ओळखलंस ना? नऊ वर्षांत माझा चेहरा विसरली असशील, पण हे लंगडे ‘र’ विसरायची नाहीस. आयुष्यभर लाँड्रीच्या चिठ्ठ्यांवर तेच वाचत आलीस.

पाकीट न फोडता फेकून दिलंस तरी चालेल, असं मी मामांना म्हणाले. आपले इस्त्रीवाले मामा गं. अजून आहेत, अजून कमी ऐकू येण्याचं सोंग करून सगळं ऐकतात. ते म्हणाले, “चालणार असेल तर लिहिता कशाला?” तेव्हा खरं सांगते, चालणार नाही. वाच.

बातमी अशी की मी जिंकले.

कशावर, ते आधी सांगायला हवं, कारण तुला यातलं काहीच माहीत नाही. मामांना मी गळ्याची शपथ घातली होती. दीड वर्षापूर्वी माझे डोळे पिवळे झाले. मी ते न्हाणीघरातल्या बल्बवर ढकललं. अंगाला खाज सुटली, ती धुण्याच्या नव्या पावडरीवर ढकलली. शेवटी चष्म्याच्या दुकानवाल्याने, तोच तो, एक शर्ट चार दिवस घालणारा, काउंटरवरूनच माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि थेट हॉस्पिटलात पिटाळलं. पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांत. यकृतात दोनतीन ठिकाणी गाठी, त्यामुळे कापून काढायची सोय नाही. एक जाळीची नळी आत बसवली, कावीळ उतरली, मग सहा महिने सलाइनमधून औषधं. त्याने कसंबसं निभावलं.

मग त्यांनी गाठीचा तुकडा तपासला आणि सांगितलं की माझ्या गाठीतलं एक जनुक बिघडलंय, आणि नेमकी त्याच बिघाडावर जाऊन बसणारी गोळी निघाली आहे. टार्गेटेड म्हणतात तिला. गाठी वितळल्या गं! अकरा महिने, दर स्कॅनला लहान. नखं सुटायला लागली, तोंडाला कोरड, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, सगळं झालं. आणि पापण्या लांबसडक झाल्या. सत्तावन्नाव्या वर्षी गिऱ्हाइकं विचारतात, “बाई, पापण्या कुठून आणल्या?” मी म्हणते, हॉस्पिटलातून.

आता मुख्य. गेल्या आठवड्यात रक्ताची तपासणी झाली, तिचा कागद खिडकीवर मिळाला. जसाच्या तसा उतरवते: “रक्तातील जनुकीय तपासणीत प्रतिकार आढळला आहे. कृपया पुढील भेटीत डॉक्टरांशी चर्चा करावी.”

प्रतिकार! आईला न्यूमोनिया झाला तेव्हा काय सांगितलं होतं? “अंगात प्रतिकार उरलेला नाही.” तो नव्हता म्हणून आई गेली. माझ्यात आढळलाय. सरकारी कागदावर, शिक्क्यासकट! मी त्या दिवशी दुकानात येईल त्याला एक कपडा फुकट इस्त्री करून दिला. मामांचा हात भरून आला.

रविवारपासून गोळी बंद केली आहे. शरीर आपणहून लढायला लागलंय, तर आता नखांचं आणि डोळ्यांचं वाटोळं कशाला? चौदा तारखेची भेटही पुढे ढकलणार. हॉटेलच्या चादरींचं काम आहे, आणि चर्चा करण्यासारखं राहिलंय काय?

दारातून निघताना तू म्हणाली होतीस, “ताई, तुला कुणाचं ऐकायचं नसतं. एक दिवस त्यानेच मरशील.” शब्दन्‌शब्द पाठ आहे मला. बघ, नाही मेले. नाकावर टिच्चून जगले. हे तुला कळावं म्हणून हा प्रपंच.

आणि ते कोटाच्या खिशातलं पत्र अजून धरून बसली असशील, तर शेवटचं सांगते. तुझं नेमणुकीचं पत्र मी खिशात ठेवलं आणि विसरले. माणूस विसरतं.

तुझी (तुला नको असली तरी)
ताई


१५ मार्च

धाकटे,

फोनवर एवढं किंचाळायचं असतं? मामांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला तेव्हा त्यांना तुझा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता, आणि त्या दिवशी सोंग करायचंही ते विसरले. नऊ वर्षांनी बहिणीचा आवाज कानावर पडतो आणि पहिलं वाक्य काय, तर “गोळी कधीपासून बंद केलीस, मूर्ख बाई?”

मी म्हणाले, तू कोण डॉक्टर लागून गेलीस? तू म्हणालीस, त्या शब्दाचा अर्थ उलटा आहे. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला फोन कर, चौदाची भेट चुकवू नकोस. मी म्हणाले, मला वाचता येतं. मग अगदी हळू म्हणालीस, “ताई, तो शब्द मी लिहिलाय.”

खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मला आधी आनंद झाला. तू आरोग्य खात्याच्या भाषांतर विभागात आहेस हे ठाऊक होतं, पण हॉस्पिटलातले कागद तुझ्या हातचे असतील हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मनात म्हटलं, चला, फिट्टंफाट झाली. मी तिचं पत्र लपव... विसरले, तिने माझ्या मरणाची चिठ्ठी लिहिली. दहा मिनिटं अगदी हलकं वाटलं. मग तो कागद पुन्हा काढून वाचत बसले.

काल गेले. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की मी प्रतिकार म्हणजे चांगलं समजून गोळी बंद केली. त्या तिशीतल्या आहेत, मला घाबरतात. पण काल पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “प्रतिकार तुमच्या शरीराने केलेला नाही. गाठीने केलाय. गोळीला.” मग कागदावर चित्र काढून दाखवलं. बिघडलेल्या जनुकातून जे प्रथिन तयार होतं, त्याला एक खिसा असतो. गोळी त्या खिशात जाऊन बसते आणि त्याचं काम बंद पाडते. आता गाठीतल्या काही पेशींनी खिशाचं तोंडच अरुंद करून घेतलंय. गोळी येते, आत शिरता येत नाही, तशीच निघून जाते. आणि त्या पेशी वाढत राहतात. स्कॅनवर एक गाठ सहा मिलिमीटरने वाढलेली दिसली. मला आतून काही म्हणजे काही कळलं नव्हतं. चादरींच्या नादात तीन महिने काढले असते तर सांगायला कुणी उरलं नसतं, हे त्यांनी अगदी मवाळ शब्दांत सांगितलं.

आता ऐक. दुसरी एक गोळी आहे. ती अरुंद तोंडातूनही शिरते आणि एकदा आत गेली की टाका घातल्यासारखी तिथेच बसते, सुटत नाही. सगळ्यांना लागू पडत नाही, पण माझ्या कागदावर ज्या जातीचा बदल आलाय त्यातल्या काहींना पडली आहे. ती अजून चाचणीत आहे. इथल्या हॉस्पिटलात चार जागा उरल्यात, यादी एप्रिलअखेर बंद. त्याआधी यकृतातून सुईने ताजा तुकडा काढायचा आणि त्यातही तोच बदल सापडायला हवा. आणि जुनी गोळी अंगातून पूर्ण जायला हवी, त्याचेही दिवस ठरलेले आहेत. त्याला काय म्हणतात माहीत आहे? वॉशआउट! मी म्हणाले, बाई, हे काम मी चाळीस वर्षं करत आलेय, अंगाबाहेर. मी म्हणाले, मग मी आधीच गोळी सोडली ते शहाणपणच झालं की. त्या म्हणाल्या, “याची फुशारकी मात्र कुठे मारू नका.”

बावीस पानांचं संमतीपत्र दिलंय. तळाशी तुझ्या विभागाचं नाव आहे.

ताई


३ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. मोजल्या. त्यातल्या चार संमतीपत्राबद्दल, एक मामांना नमस्कार, आणि एक “जेवतेस ना?” बरं आहे. सुरुवात म्हणून ठीक.

तुझं संमतीपत्र सोबत परत पाठवते आहे. पेन्सिलीने केलेल्या खुणा माझ्या. रागावू नकोस, किंवा रागाव, पण वाच. “प्रतिकूल घटना” म्हणजे काय गं? मला वाटलं दुकानाला आग लागणे. तर ती म्हणजे उलट्या, जुलाब, यकृताचा आकडा वाढणे. मग तसं लिही ना! “आपणास मळमळ जाणवू शकते.” जाणवते कसली, बादली घेऊन बसावं लागतं. “सहभागी व्यक्तीस कोणत्याही क्षणी माघार घेण्याचा अधिकार राहील.” माघार लढाईत घेतात. “मधेच नको वाटलं तर नाही म्हणा, कुणी रागावणार नाही,” एवढंच आहे ना ते? चौदाव्या पानावर मात्र तू लिहिलंयस, “ही गोळी तुम्हाला बरं करेलच असं आम्ही सांगू शकत नाही.” तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. ते वाक्य अगदी सरळ आहे. ते तुझं आहे, मला लगेच कळलं.

आता तो शब्द. तू विचारलंस, त्याऐवजी काय लिहू. अगं, कोशात काय शोधतेस, आपल्या दुकानात शोध! शाईचा डाग, गंजाचा डाग, तीनतीन औषधं मारली तरी जागचा हलत नाही, तेव्हा आपण कपड्याला कोणती चिठ्ठी टाचतो? “प्रयत्न केला. डागाने दाद दिली नाही.” तू स्वतः लहानपणी शंभर चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. आणि तिथे आपण करतो काय? घासत बसतो का? घासत बसलं तर कापड जातं. औषध बदलतो. माझ्या डॉक्टरीणबाई याहून वेगळं काय करतायत?

“तुमचा आजार या गोळीला दाद देईनासा झाला आहे.” हे लिही.

तू म्हणशील, ताईला वाटतं म्हणून सगळ्यांना कळेल असं नाही. म्हणून मी परीक्षा घेतली. दोन कागद काउंटरवर ठेवले. एकावर तुझं वाक्य, एकावर माझं. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, हा कागद तुमच्या हातात पडला तर बातमी चांगली की वाईट? अकरा जण झाले. तुझं वाक्य वाचून नऊ जण म्हणाले, चांगली. त्यात एक शाळामास्तर, एक बँकेतली बाई आणि औषधाच्या दुकानवाल्याची बायको! मास्तर तर म्हणाले, “अभिनंदन!” माझं वाक्य वाचून अकराच्या अकरा म्हणाले, अरेरे. मामांना विचारलं तर म्हणाले, “दुसरा कागद आला तर मी बसणारच नाही, उठून डॉक्टरकडे जाईन.”

तेव्हा मी एकटीच मूर्ख नाही. हे विशेष करून कळवायचं होतं.

वीस तारखेला सुई आहे.

ताई


१९ एप्रिल, दुपार

धाकटे,

दुकान बंद ठेवलंय. उद्या सकाळी उपाशी पोटी बोलावलंय. मामा सोबत येणार आहेत, त्यांनी आजपासूनच बूट पुसून ठेवले आहेत.

मागच्या खेपेला तुकडा काढताना आत रक्त आलं होतं आणि मला दोन दिवस हलू दिलं नव्हतं. तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या तसंच झालं, किंवा तुकडा पुरेसा निघाला नाही, किंवा त्यात तो बदल सापडला नाही, तर मी यादीतून बाहेर. जागा आता दोनच उरल्यात. मला भीती वाटते आहे. इतकी की मघाशी एकच शर्ट मी तीनदा घडी केला.

म्हणून आजच लिहिते. मी विसरले नव्हते.

त्या सकाळी आई पलंगावरून पडली होती, आठवतं? मला एकटीला ती उचलेना. तू दुकानातून धावत आलीस, तू तिचे पाय धरलेस, मी खांदे. तू परत दुकानात गेलीस आणि अर्ध्या तासाने पोस्टमन आला. खात्याचं पाकीट, तुझ्या नावाचं. मी ते वाफेच्या इस्त्रीवर धरून उघडलं. वाचलं. एकवीस दिवसांत रुजू व्हायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच आलं, उद्या आई पडली तर तिचे पाय कोण धरणार?

न नेलेल्या कपड्यांच्या दांडीवर तो तपकिरी कोट होता. सहा वर्षं कुणी न्यायला आलं नव्हतं. त्याच्या आतल्या खिशात ठेवलं. रोज त्या कोटासमोरून जायची आणि दिवस मोजायची. बाविसाव्या दिवशी मला गाढ झोप लागली. यातलं सगळ्यात वाईट ते हेच आहे, धाकटे. मला त्या दिवशी झोप लागली.

आणि अक्कल बघ माझी. लाँड्रीत जन्म काढलेली बाई चोरीचं पत्र लपवते कुठे, तर खिशात! धुण्याआधी खिसे तपासायचं काम कुणाचं? तुझं. महिन्याभराने मीच म्हणाले, हे जुने कपडे धुऊन देऊन टाकू, आणि मीच तो कोट तुझ्या ढिगात टाकला. तेव्हा मात्र खरंच विसरले होते. तुझा हात खिशात गेला तेव्हा मी समोर बसून बटणं लावत होते.

तू पुन्हा परीक्षा दिलीस, दोन वर्षं उशिरा, आणि गेलीस. मी सगळ्यांना सांगत राहिले, विसरभोळी आहे मी, आणि ही एवढ्यासाठी बहिणीला टाकून गेली. आईच्या तेराव्याला तू आलीस, पाहुण्यासारखी खुर्चीवर बसलीस, चहाचा कप स्वतः विसळून ठेवलास आणि गेलीस, ती या नऊ वर्षांसाठी. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

उद्याच्या सुईला घाबरून हे लिहिते आहे असं समजू नकोस. बरं, समज. त्यानेच लिहिते आहे. पण खरं आहे.

मला माफ कर असं लिहिणार होते. ते तू ठरव.

ताई


३० मे

धाकटे,

मी तुझ्या पत्राची वाट बघत नाही. पोस्टमनला मी काही विचारत नाही, मामाच विचारतात, रोज, आणि मग माझ्याकडे न बघता इस्त्री करतात. सहा आठवडे झाले. तुला हवा तेवढा वेळ घे. मी आपली कळवण्यासारखं आहे म्हणून कळवते.

तुकडा नीट निघाला, रक्त आलं नाही. त्यात तोच बदल सापडला. यादी बंद व्हायला तीन दिवस असताना माझं नाव लागलं, शेवटून दुसरं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला आणि “अभिनंदन” म्हणाल्या. मी विचारलं, हा शब्द तरी सरळ अर्थानेच आहे ना? हसल्या बिचाऱ्या.

नऊ मेपासून नवी गोळी सुरू आहे. तोंडात फोड आलेत, जुलाब होतात, म्हणजे तुझ्या भाषेत प्रतिकूल घटना. चवीचं काही विचारू नकोस, साबण खाल्ल्यासारखं लागतं. पण सकाळी नऊला मामा घड्याळाकडे बोट दाखवतात आणि मी गिळते. एकही चुकवलेली नाही. मला कुणाचं ऐकायचं नसतं असं म्हणणाऱ्या व्यक्तीला हे कळावं.

जुलैच्या दहा तारखेला पहिला स्कॅन. तो सांगेल, गोळी खिशात शिरली की नाही.

मी वाट बघते आहे, धाकटे. पहिली ओळ खोडत नाही, पण खरं हे आहे.

ताई


१२ ऑक्टोबर

धाकटे,

परवा फोनवर तुला आकडा सांगितला, तेव्हा तू रडायला लागलीस आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तू मधेमधे बोलतेस. म्हणून बैजवार लिहिते. तुला मधे बोलता येणार नाही.

आधी आकडा पुन्हा, कारण मला तो लिहायलाही आवडतो. जुलैत गाठी एक तृतीयांशाने आटल्या होत्या, तो स्कॅन तू माझ्या शेजारी उभी राहून पाहिलास. आता अर्ध्याहून कमी राहिल्यात. जी सहा मिलिमीटर वाढली होती ना, ती शहाणी, ती शोधायला डॉक्टरीणबाईंना पडदा मोठा करावा लागला. रक्तातला जनुकाचा तो बदललेला धागा सापडेनासा झालाय. मी खुर्चीतून उठून त्यांना मिठी मारली. त्यांचा चष्मा वाकडा झाला.

त्यांनी तेही सांगितलं जे त्या प्रत्येक वेळी सांगतात. ही गोळीसुद्धा एक दिवस थकेल, गाठ हिच्यावरही काहीतरी शोधून काढेल. कधी, ते सांगता येत नाही. मी म्हणाले, मग तुम्ही तिसरी काढून ठेवा, तुमचं कामच ते. त्या म्हणाल्या, काम चालू आहे. खरंच चालू आहे गं, मला भिंतीवरचा तक्ता दाखवला. मला पूर्वी वाटायचं, जिंकणं म्हणजे एकदाच आणि कायमचं. आता तीन महिन्यांचं जिंकणंसुद्धा मला पुरतं, आणि ते मी पोटभर साजरं करते. काल पुन्हा सगळ्यांना एक कपडा फुकट इस्त्री. मामा म्हणाले, “या वेळी आधी बहिणीला अर्थ विचारलात ना?”

तू जूनमध्ये आलीस, पत्र न लिहिता, न कळवता. आल्या आल्या काउंटरच्या आत शिरलीस आणि कपड्यांचा ढीग ओढून खिसे तपासायला बसलीस. मी मागे उभी. तू वळून न बघता म्हणालीस, “मला फार राग आला होता, ताई. अजून आहे. पण तो घेऊन इथे बसता येईल असं वाटलं.” त्याचं उत्तर आता देते. बस. हवा तेवढा राग घेऊन बस, जागा आहे.

आता जे सांगायचं राहिलं ते.

स्कॅननंतर मी बाहेरच्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारी एक बाई होती, बस चालवणारी, गणवेशातच आलेली, डाव्या बाहीला ग्रीसचा डाग. माझं लक्ष तिथेच जाणार. तिलाही आमचाच आजार, तीच पहिली गोळी, नखांवरून ओळखलं मी. तिला खिडकीतून कागद मिळाला. मी मान लांब करून पाहिलं. धाकटे, तुझा नवा कागद! तुमच्या विभागातल्या पाच जणांच्या समितीशी तू सहा महिने भांडलीस तो. “दाद तर गाण्याला देतात,” असं म्हणणाऱ्या त्या साहेबांसमोर माझ्या अकरा गिऱ्हाइकांची यादी ठेवलीस तो. छापून आलेला मी पहिल्यांदाच पाहिला:

“तुमचा आजार सध्याच्या गोळीला दाद देईनासा झाला आहे. ही तब्येत सुधारल्याची बातमी नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आठ दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा. दुसरे उपाय असू शकतात.”

तिने एकदाच वाचलं. एकदाच गं! मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचा चेहरा पडला, तिने एक लांब श्वास घेतला, कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि उठून थेट खिडकीशी गेली. म्हणाली, “मला पुढच्या महिन्याची तारीख नको. आज भेटायचंय. ही गोळी चालेना झाली, आता पुढची कोणती ते विचारायचंय.” खिडकीतला माणूस काहीतरी कुरकुरला. ती म्हणाली, “इथे लिहिलंय. आठ दिवसांच्या आत.” आणि कागद काढून काचेला टेकवला. डॉक्टरीणबाईंनी तिला तासाभरात आत घेतलं.

मी रडले, अगदी हुंदके देऊन. लोकांना वाटलं माझा रिपोर्ट वाईट आला. एकाने मला पाणी आणून दिलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बावीस पानं होती. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “आहे म्हणे दुसरी. बघू.” मग तिने तो कागद पुन्हा काढला, मांडीवर सरळ केला आणि म्हणाली, “बरं झालं, नीट लिहिलंय कुणीतरी. दोन वर्षांत पहिला कागद, जो मला कुणाला विचारावा लागला नाही.”

नऊ वर्षांत मी लोकांसमोर तुझं नाव काढलं ते तक्रार करायलाच. मी म्हणाले, “माझ्या धाकट्या बहिणीने लिहिलाय तो.”

ताई